४० किलोमीटरवरचं गाव: ईताते प्रकरण, आणि अणुभट्टीच्या अपघातात आधी काय शोधायचं

१५ मार्च २०११ ला संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी जपानमधल्या ईताते गावच्या ऑफिसपाशी रेडिएशनचा मीटर तासाला ४४.७ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या रेडिएशनचं माप) दाखवत होता. एरवी तिकडं हा आकडा ०.१ च्या आसपास राहतो, म्हणजे एका दुपारीत चारशे पटीच्या वर गेला. बाहेर पाऊस सुरू होता, मग त्याचा बर्फ झाला. गाव डोंगरातलं, वस्ती सहा हजारांच्या घरातली, भातशेती, भाजीपाला आणि मांसासाठी पाळलेली गुरं. भूकंप आणि त्सुनामीनं कोलमडलेल्या फुकुशिमा दाइइचीच्या अणुवीज केंद्रापासून हे गाव वायव्येला साधारण ४० किलोमीटरवर.

त्याच दिवशी सकाळी ११ वाजता सरकारनं सांगितलं होतं की २० ते ३० किलोमीटरमधल्या लोकांनी घरातच थांबा, २० च्या आतल्यांना तर १२ तारखेलाच निघायला सांगितलं होतं. ईतातेचा बहुतेक भाग या दोन्ही वर्तुळांच्या बाहेर होता. उलट किनाऱ्याकडची माणसंच आसऱ्याला ईतातेत आलेली, गावानं त्यांची सोय लावली. ३० मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं सांगितलं की इथलं एक मोजमाप त्यांच्या स्थलांतराच्या निकषाच्या वर आहे. गाव हलवायचं हे जाहीर झालं ११ एप्रिलला, आदेश निघाला २२ एप्रिलला, आणि त्यातही महिनाभराची मुदत. म्हणजे ज्यांच्या जमिनीवर एवढे किरणोत्सारी पदार्थ पडले त्यातल्या पुष्कळ लोकांनी त्यानंतरचा महिना दीड महिना तिथंच काढला, तीच हवा, पहिले काही दिवस तेच नळाचं पाणी. २० मार्चला त्या नळाच्या पाण्यात किलोमागे ९६५ बेक्वेरेल (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन) किरणोत्सारी आयोडीन-१३१ सापडलं, मोठ्यांसाठी मर्यादा ३०० होती आणि तान्ह्या बाळांसाठी १००.

हे प्रकरण मी आमच्या दारव्हा तालुक्यातल्या अकरावी-बारावीच्या पोरांसोबत आणि काही शेतकऱ्यांसोबत सविस्तर वाचलं, त्याचीच ही मांडणी. आधीच स्पष्ट सांगतो, कोणाला घाबरवायचं नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र आपल्यापासून पाचशे किलोमीटरच्या वर आहे, विदर्भात एकही अणुभट्टी नाही. तरी वाचलं, कारण अपघातात भट्टीतून काय बाहेर पडतं यावर जगात कित्येक वर्षं संशोधन चाललंय, त्याच्या प्राधान्याच्या याद्या बनतात, आणि त्या याद्या बहुतेक भट्टीच्या आतून बाहेर लिहिलेल्या असतात, म्हणजे आधी इंधन कसं वितळतं, मग इंधनाचं भांडं कसं फुटतं, मग कंटेनमेंट म्हणजे त्याभोवतीचं बंदिस्त कवच, आणि सगळ्यात शेवटी गाव. मला ती यादी उलटीकडून वाचायची होती. गावापासून सुरू करायचं आणि विचारत जायचं की १५ मार्चला सकाळी कोणती गोष्ट माहीत असती तर ईतातेबद्दलचा निर्णय बदलला असता. ज्या प्रश्नाचं उत्तर निर्णय बदलतं तो प्रश्न वर. माझ्या मते प्राधान्य ठरवायची हीच कसोटी पाहिजे, आणि पुढं मी ती लावून दाखवतो.

दोन नंबरच्या भट्टीत काय झालं

११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. १, २ आणि ३ नंबरच्या भट्ट्या चालू होत्या, त्या आपोआप बंद झाल्या. पण भट्टी बंद झाली तरी इंधन थंड होत नाही, आत तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देतच राहतात, त्यामुळं पाणी सतत लागतं. पाऊण-एक तासात त्सुनामी आली, केंद्राच्या आवारात १४-१५ मीटरपर्यंत पाणी चढलं, आणि डिझेल जनरेटर, स्विचबोर्ड, बॅटऱ्या बहुतेक सगळं बुडालं.

एक नंबर त्याच रात्री वितळली आणि १२ ला दुपारी तिच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला. तीन नंबरचा स्फोट १४ ला सकाळी ११ वाजता. टीव्हीवर सगळ्यांनी हेच दोन पाहिले. दोन नंबरची गोष्ट मात्र वेगळी. तिचा वाफेवर चालणारा पंप कंट्रोलला करंट नसतानाही जवळपास ७० तास चालत राहिला, हे एक आश्चर्यच म्हणायचं, आणि १४ तारखेला दुपारी दीडच्या सुमारास तो थांबला असं धरलं गेलं. संध्याकाळी भट्टीतलं प्रेशर सोडलं तशी पाण्याची पातळी झपाट्यानं खाली गेली, इंधन उघडं पडलं. समुद्राचं पाणी ओतायला लावलेल्या फायर इंजिनचं डिझेल संपल्याचं ऐन त्याच वेळी लक्षात आलं. रात्री अकराच्या आसपास कंटेनमेंटमधलं प्रेशर ०.७ मेगापास्कलच्या (साध्या हवेच्या दाबाच्या सातपट) वर गेलं, डिझाइनच्या मर्यादेच्या पलीकडं, आणि रात्रभर तिथंच राहिलं. व्हेंट, म्हणजे प्रेशर मुद्दाम बाहेर सोडायची वाट, उघडायचे प्रयत्न झाले, पण त्या वाटेतली फुटायची चकती फुटलीच नाही असाच पुढच्या तपासाचा निष्कर्ष आहे.

आता १५ तारखेची सकाळ. सव्वासहाला एक मोठा आवाज झाला. आधी वाटलं दोन नंबरच्या खालच्या पाण्याच्या टाकीत काही फुटलं, नंतर कळलं तो चार नंबरच्या इमारतीचा स्फोट होता. सातच्या सुमारास साडेसहाशे लोकांना दुसऱ्या केंद्रावर पाठवलं, सत्तरेक माणसं उरली. ७ वाजून २० मिनिटांनी दोन नंबरच्या कंटेनमेंटचं प्रेशर ०.७३ मेगापास्कल होतं. त्यानंतरची नोंद ११ वाजून २५ मिनिटांची, ०.१५५. मधल्या चार तासांची नोंदच नाही. आणि त्याच चार तासांत, सकाळी ९ वाजता, केंद्राच्या मुख्य गेटवर तासाला ११.९३ मिलिसिव्हर्ट, म्हणजे ११,९३० मायक्रोसिव्हर्ट, असा आकडा आला. गेटजवळ त्या काळात घेतलेल्या नोंदींमधला हा सगळ्यात मोठा.

म्हणजे अख्ख्या अपघातातली सगळ्यात मोठी गळती ज्या खिडकीत झाली तेव्हाच आतलं मोजमाप बंद होतं. यात कर्मचाऱ्यांना दोष द्यायचा माझा अजिबात इरादा नाही, त्यांनी जे केलं ते अंधारात, टॉर्चच्या उजेडात, गाड्यांच्या बॅटऱ्या काढून मीटरला जोडून केलं. दोष असेल तर तो मोजमापाच्या यंत्रणेच्या आखणीत आहे. प्लान्टची वीज गेली की आतलं मोजमाप जातं आणि आतलं मोजमाप गेलं की बाहेरचे सगळे आंधळे होतात, ही साखळी आधीपासून तशीच ठेवलेली होती.

वाट

अपघाताच्या अभ्यासात सोर्स टर्म म्हणतात तो म्हणजे कोणते पदार्थ, किती, केव्हा, कोणत्या रासायनिक रूपात आणि किती उंचीवरून बाहेर पडले याचा सगळा हिशोब. बातम्यांमध्ये त्यातलं फक्त "किती" येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अणुकिरण समितीच्या २०२० च्या अहवालानुसार फुकुशिमातून हवेत आयोडीन-१३१ सुमारे १२० पेटाबेक्वेरेल आणि सीझियम-१३७ सुमारे १० पेटाबेक्वेरेल गेलं. एक पेटाबेक्वेरेल म्हणजे एकावर पंधरा शून्यं, सेकंदाला तेवढी विघटनं. तिन्ही भट्ट्यांमध्ये मिळून सीझियम-१३७ होतं सुमारे ७००, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपासच बाहेर गेलं. चेर्नोबिलमधून सुमारे ८५ गेलं होतं.

दीड टक्का का आणि पंधरा टक्के का नाही? इथं वाटेचा प्रश्न येतो. या जातीच्या भट्टीत कंटेनमेंटच्या खाली गोल नळीच्या आकाराची मोठी पाण्याची टाकी असते. वाफ त्या पाण्यातून बुडबुड्यांनी गेली की त्यातले कण आणि आयोडीन पाण्यात अडकतात. एक आणि तीन नंबरचा व्हेंट या पाण्यातून जाणाऱ्या वाटेवर होता. दोन नंबरमध्ये बहुतेक गळती वरून झाली, कंटेनमेंटच्या डोक्यावरचं झाकण जिथं बोल्टनं बसवलेलं असतं तिथल्या जोडातून. प्रेशरनं बोल्ट ताणले जातात, उष्णतेनं सिलिकॉन रबरची गॅस्केट खराब होते, फट पडते. ही वाफ पाण्यातून गेलीच नाही, थेट वर आली.

याचा पुरावा कित्येक वर्षांनी मिळाला, आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका वाटतो. झाकणाच्या वर काँक्रीटचे जाड थर असतात, शील्ड प्लग, एकावर एक तीन, प्रत्येक साधारण ६० सेंटिमीटर. जपानच्या अणुनियामक प्राधिकरणानं २०२१ मध्ये सांगितलं की दोन नंबरच्या या काँक्रीटच्या थरांमध्ये २० ते ४० पेटाबेक्वेरेल आणि तीन नंबरच्या थरांमध्ये ३० पेटाबेक्वेरेल सीझियम-१३७ चिकटून बसलेलं असावं. हवेत गेलं त्याच्या दुप्पट ते चौपट माल एकेका झाकणाखाली अडकला! म्हणजे ईतातेवर जे पडलं ते आणखी किती तरी पट असू शकलं असतं, आणि ते अडलं ते ज्या वस्तूला कोणी फिल्टर म्हणून बनवलंच नव्हतं तिच्यामुळं.

माझ्या कसोटीवर हा प्रश्न एकदम वर जातो. कंटेनमेंट किती प्रेशरला, किती तापमानाला, कुठल्या जोडातून आणि किती हळू किंवा जोरात गळतं, गळताना त्या फटीत आणि पुढच्या काँक्रीटमध्ये किती अडकतं. यासाठी नवी भट्टी वितळवायची गरज नाही, गॅस्केट आणि फ्लँज (जोडाच्या कडा) प्रयोगशाळेतल्या मोठ्या ओव्हनमध्ये तापवून, वाफ आणि कण सोडून बघता येतं, आणि गरम, उकळीच्या काठावर असलेलं पाणी किती कमी पकडतं हेही. दोन नंबरमध्ये ते पाणी ७० तास पंपाच्या वाफेनं तापलेलं होतं. थंड पाण्यात वाफेचं पाणी होऊन बुडबुडा आकसतो, कण पाण्याला भिडतात. उकळत्या पाण्यात बुडबुडा तसाच वर येतो. जुने प्रयोग जास्त करून नीट, स्थिर परिस्थितीतले होते, खऱ्या अपघातातलं पाणी तसं राहत नाही.

वारा आणि पाऊस

१५ ला सकाळी वारा दक्षिणेकडं होता, टोकियोच्या दिशेनं. मग तो फिरत गेला, नैऋत्य, पश्चिम, आणि दुपारनंतर वायव्य. त्याच पट्ट्यात संध्याकाळी पाऊस-बर्फ. हवेत असलेला ढग पुढं निघून गेला असता तर थोडंच पडलं असतं, पण पावसानं तो खाली धुऊन आणला. पट्टा तयार झाला वायव्येला, अरुंद आणि लांब, आणि वर्तुळं कंपासनं काढलेली.

आमच्या वाचनात एक काका लगेच म्हणाले, "सर, मंडळातल्या यंत्रावर पाऊस नाही आला म्हून माया वावरात नाही आला असं थोडंच हाय." पीकविम्यासाठी महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची नोंद धरतात आणि चार शिवारं सोडून पडलेली गारपीट कागदावर येतच नाही, हे आपल्याकडं प्रत्येकाला माहीत आहे. ईतातेत नेमकं हेच. कुठं पडलं हे वर्तुळावरून कळत नाही, त्या दोन-तीन तासांत तिथं पाऊस होता की नव्हता यावरून कळतं.

जपानकडं हे सांगणारी यंत्रणा होती. स्पीडी नावाची, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर उभी केलेली. तिला वारा, डोंगर, पाऊस दिला आणि किती पदार्थ निघतोय हे दिलं की पट्टा काढून देते. पण "किती निघतोय" हे प्लान्टच्या सेन्सरवरून यायचं होतं आणि तिथली वीज गेलेली. मग त्यांनी तासाला एक बेक्वेरेल निघतोय असं नुसतं मानून गणितं चालवली. त्यातून निदान दिशा तरी दिसत होती, पण आकडा खरा नाही म्हणून ती स्थलांतरासाठी वापरली गेली नाहीत. नामिए गावचे लोक त्सुशिमा भागात गेले, म्हणजे त्याच वायव्येच्या पट्ट्यात. पहिला नकाशा लोकांसमोर आला २३ मार्चला, आणि तो कसा काढला? बाहेर मोजलेल्या आकड्यांवरून मागं गणित करून किती निघालं असेल ते ठरवलं, मग पुन्हा पुढं चालवलं. अमेरिकन विमानांनी १७ ते १९ मार्चला वरून मोजणी केली त्यात वायव्येचा पट्टा स्वच्छ दिसत होता.

म्हणून माझ्या यादीत हा उलटा हिशोब सगळ्यात वर आहे, वाटेच्या प्रश्नाच्याही वर. बाहेरच्या मीटरवरून, हवेच्या फिल्टरवरून, पावसाच्या रडारवरून काही तासांत सोर्स टर्म काढायची, आणि अनिश्चितता किती आहे तेही सोबत द्यायचं, म्हणजे एक रेघ न दाखवता "या तीन दिशांपैकी ही जास्त शक्य" असं दाखवायचं. यावर फुकुशिमानंतर बरंच काम झालंय. पण निर्णय घेणाऱ्या कलेक्टरच्या टेबलावर तो नकाशा कसा वाचला जातो यावर त्या मानानं फारच कमी बोललं जातं. आमच्या बारावीतल्या एका मुलीनं विचारलं की आकडा खोटा पण दिशा खरी असेल तर लोकांना सांगायचं का? मी म्हटलं सांगायचं, दिशा खरी आहे एवढंच सांगायचं. मिहारू नावाच्या गावानं १५ तारखेलाच स्वतःच्या निर्णयानं लोकांना आयोडीनच्या गोळ्या वाटल्या, किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडमध्ये बसू नये म्हणून. अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय होता आणि मला तो बरोबर वाटतो.

दुसरी बाजूही लिहिलीच पाहिजे. घाईनं हलवण्यातही जीव जातात. केंद्राजवळच्या एका हॉस्पिटलातले आणि तिथल्या वृद्धाश्रमातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण हलवताना आणि त्यानंतर जवळपास पन्नास जण गेले. फुकुशिमा जिल्ह्यात आपत्तीशी जोडलेले मृत्यू, म्हणजे स्थलांतराच्या हालांतून, ताणातून, उपचार तुटण्यातून झालेले, दोन हजारांच्या वर नोंदले आहेत. रेडिएशनमुळं लोकांच्या आरोग्यावर वेगळा ओळखू येईल असा परिणाम दिसत नाही असं संयुक्त राष्ट्रांची समिती म्हणते. तेव्हा केव्हा निघणार आणि किती वेळ निघत राहणार हे माहीत असणं दोन्ही बाजूंनी लागतं, हलवायला आणि न हलवायलाही.

आयोडीन

या भागात मी जास्त थांबणार आहे कारण मुलांना इथंच सगळ्यात जास्त मजा आली, आणि बारावीची केमिस्ट्री इथं खरोखर कामाला येते.

१९६२ च्या जुन्या अमेरिकन पद्धतीत धरायचे की वितळलेल्या भट्टीतून निष्क्रिय वायू शंभर टक्के, आयोडीन पन्नास टक्के आणि बाकी घन पदार्थ एक टक्का कंटेनमेंटमध्ये येतात. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडला जवळपास अर्धी भट्टी वितळली, निष्क्रिय वायू ढिगानं बाहेर गेले, आणि आयोडीन गेलं फक्त १५ क्युरीच्या (किरणोत्साराचं जुनं माप) आसपास, म्हणजे अगदीच थोडं. सगळे चक्रावले. आयोडीन बरंचसं सीझियमशी जुळून सीझियम आयोडाइड बनतं, ते कणांवर बसतं, पाण्यात विरघळतं, आतच राहतं, अशी समजूत मग पक्की झाली.

पण ती पूर्ण खरी नाही. फ्रान्समध्ये कादाराश इथं फेबुस नावाच्या भट्टीत १९९३ ते २००४ दरम्यान खरं इंधन वितळवून पाच प्रयोग झाले. त्यात दिसलं की कंटेनमेंटमध्ये सुरुवातीपासूनच थोडं आयोडीन वायुरूपात असतं. कंट्रोल रॉडमध्ये चांदी असेल तर ती आयोडीनला पकडून सिल्व्हर आयोडाइड बनवते आणि तळाच्या पाण्यात बसवते. ज्या प्रयोगात चांदीऐवजी बोरॉन कार्बाइड होतं त्यात वायुरूप आयोडीनचं प्रमाण जास्त निघालं. आणि फुकुशिमाच्या भट्ट्यांमध्ये बोरॉन कार्बाइडच होतं.

पुढं बघा. तळाचं पाणी अल्कधर्मी असेल तर आयोडीन आयोडाइड म्हणून पाण्यात राहतं. आम्लधर्मी झालं की आयोडीनचे रेणू बनून हवेत येतात. पाणी आम्लधर्मी कशानं होतं? रेडिएशनमुळं हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक ॲसिड बनतं, आणि केबलच्या प्लास्टिकमधून हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. हवेत आलेलं आयोडीन भिंतीच्या रंगाला चिकटतं, आणि रंगातल्या कार्बनच्या संयुगांशी जुळून मिथिल आयोडाइडसारखी सेंद्रिय रूपं बनतात. मिथिल आयोडाइड साध्या पाण्याच्या फिल्टरमधून बरंचसं निसटतं. स्वीडनमध्ये बार्सेबेकला १९८५ मध्येच फिल्टर लावलेला व्हेंट उभा झाला, फुकुशिमात तसा फिल्टर नव्हता, आता बऱ्याच देशांत लावतात, पण या सेंद्रिय आयोडीनसाठी चांदी लावलेलं झिओलाइट असा वेगळा टप्पा लागतो. भिंतीला कोणता रंग मारला यावर चाळीस किलोमीटरवरच्या लेकरांच्या थायरॉइडचा डोस काही अंशी ठरतो, हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळी पोरं सरसावून बसली.

२०११ मध्ये युरोपपर्यंत पोचलेल्या हवेत आयोडीन-१३१ चा मोठा हिस्सा कणांवर नसून वायुरूपात सापडला. निघतानाच तसं होतं की वाटेत बदललं, यावर अजून वाद आहे. आणि आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, त्यामुळं पुरावा झपाट्यानं पुसला जातो. मार्चच्या शेवटी इवाकी, कावामाता आणि ईताते इथल्या १,०८० मुलांच्या थायरॉइडची मोजणी झाली, ठरवलेल्या मर्यादेवर कोणी नव्हतं, पण थेट मोजणी म्हणून हाताशी राहिली ती मुख्यतः एवढीच. पुढं जमिनीतल्या आयोडीन-१२९ वरून, ज्याचं अर्धायुष्य दीड कोटी वर्षांच्या वर आहे, मागं हिशोब करत बसावं लागलं.

युरोपातल्या तज्ज्ञांच्या सार्नेट या जाळ्यानं केलेल्या यादीत आयोडीनची रसायनं वरच्या गटात आहेत आणि ते मला पटतं. त्याच गटात रुथेनियमही आहे, इंधनाला हवा लागली की त्याचं उडणारं ऑक्साइड बनतं. फुकुशिमात रुथेनियम फारसं बाहेर गेलं नाही. ज्या अपघातात भट्टीचं भांडं फुटून हवा आत शिरते किंवा वापरलेल्या इंधनाचा तलाव कोरडा पडतो तिथं ते महत्त्वाचं, म्हणून मी ते खाली ठेवतो, काढून टाकत नाही. वितळलेलं इंधन खालचं काँक्रीट खातं तो विषयही असाच, हायड्रोजनसाठी आणि साफसफाईसाठी फार मोठा, पण १५ मार्चच्या निर्णयासाठी मधला.

सीझियम आणि कुटार

आयोडीन दोन-तीन महिन्यांत संपतं. सीझियम-१३४ चं अर्धायुष्य दोन वर्षं, सीझियम-१३७ चं ३० वर्षं. ईतातेचा आदेश बहुतेक गावासाठी ३१ मार्च २०१७ ला उठला, नागादोरो वाडीचा काही भाग तर १ मे २०२३ ला मोकळा झाला. मधल्या काळात शेतांवरची वरची ५ सेंटिमीटर माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली. शेतकऱ्याला वरची पाच सेंटिमीटर म्हणजे काय ते सांगायला नको.

१४-१५ मार्चला जपानमधल्याच त्सुकुबा शहरात हवेच्या फिल्टरवर सीझियमचे काचेसारखे गोल कण सापडले, दोन मायक्रोमीटरच्या आसपासचे, पाण्यात न विरघळणारे. सीझियम म्हणजे पाण्यात विरघळणारं मीठ असं धरून सगळी मॉडेलं लिहिलेली, आणि इथं काच. ही काच भट्टीत कुठल्या सिलिकापासून आणि कशी बनली, आणि असा कण फुप्फुसात किंवा मातीत किती वर्षं तसाच राहतो, हे शोधणं गावाच्या बाजूनं फार कामाचं आहे. सीझियम-१३४ आणि १३७ चं गुणोत्तर तिन्ही भट्ट्यांत थोडं वेगळं होतं, एक नंबरमध्ये ०.९४ च्या आसपास आणि दोन नंबरमध्ये १.०८, त्यामुळं मातीतला कण कोणत्या भट्टीचा हे बऱ्याच वेळा सांगता येतं. असा पुरावा वर्षांनी नाहीसा होतो कारण १३४ लवकर विझतं, म्हणून नमुने आधी जपायचे.

२०११ च्या जुलैमध्ये बीफमध्ये सीझियम सापडलं तेव्हा कळलं की भाताचा पेंढा शरद ऋतूतल्या कापणीनंतर शेतातच पडून होता, त्याच्यावर मार्चमध्ये पडलं आणि तो गुरांना घातला गेला. दुधाकडं, भाज्यांकडं लक्ष होतं, पेंढ्याकडं वेळेत गेलं नाही. आमच्याकडच्या एका मावशी हे ऐकून म्हणाल्या, "आपलं कुटार आन् कडब्याची गंजी तं सारा उन्हाया उघड्यावरच असते, मंग जनावराले काय टाकाव?" सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), तुरीचं कुटार, ज्वारीचा कडबा, सगळं धुऱ्यावर. अपघाताच्या प्लॅनमध्ये चाऱ्यावर ताडपत्री टाकायचा मेसेज पहिल्या तासांत गेला पाहिजे, आणि त्यासाठी कोणत्या दिशेला केव्हा पडणार हे पुन्हा त्या उलट्या हिशोबावरच येऊन थांबतं.

भारतात अणुनियामक मंडळाच्या नियमात आणीबाणीच्या नियोजनाचा पट्टा १६ किलोमीटरचा आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था मोठ्या भट्ट्यांसाठी तातडीच्या उपायांना १५ ते ३० किलोमीटर सुचवते, मोजणी वाढवायला १०० आणि अन्न-चाऱ्याच्या सावधगिरीला ३०० किलोमीटर. १६ आणि ३०० मधल्या शेतीबद्दल आपल्या कृषी विभागाकडं काय लिहिलेलं असावं, हा प्रश्न तारापूर, काक्रापार, रावतभाटा या अणुवीज केंद्रांच्या आसपासच्या तालुक्यांनी विचारण्यासारखा आहे.

मातीचा एक प्रश्न मात्र इथं विदर्भातच तपासता येतो. जपानमध्ये पालाश खत वाढवून भातात जाणारं सीझियम बरंच कमी केलं, शंभर ग्रॅम मातीत बदलता येणारं पोटॅश २५ मिलिग्रॅम राहील असं धोरण ठेवलं, कारण पोटॅशियम आणि सीझियम मुळांतून एकाच वाटेनं आत जातात. तिथली माती वेगळी, आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती जास्त आणि पोटॅशही मुळात बरं असतं. सीझियम घट्ट धरून ठेवतात ती मुख्यतः अभ्रकाच्या जातीच्या कणांची झिजलेली टोकं. मग आपल्या भारी काळ्या जमिनीत, हलक्या मुरमाड जमिनीत आणि वैनगंगेच्या काठच्या धानाच्या जमिनीत ते किती धरलं जाईल, तूर, ज्वारी, हरभरा, धान यांत किती चढेल? यासाठी किरणोत्सारी काहीही लागत नाही. साधं, स्थिर सीझियमचं मीठ थोड्या प्रमाणात कुंड्यांत घालून, पोटॅशच्या दोन-तीन पातळ्या ठेवून, दाणा आणि कुटार वेगवेगळं तपासायचं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या एम.एस्सी.च्या एखाद्या विद्यार्थ्याला दोन हंगामांत पुरणारं काम आहे, मोजायला चांगली प्रयोगशाळा पाहिजे आणि कुंड्यांतली माती नंतर शेतात टाकायची नाही एवढी काळजी पाहिजे. आमच्या गटातले दोन शेतकरी त्यांच्या वावरातली माती द्यायला तयार आहेत, एकाची भारी काळी, एकाची बरड.